‘ढ’ विद्यार्थी आणि समुपदेशकाची खोली

मराठी शाळेने एका अक्षरावर मोठाच अन्याय केला आहे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो. ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरांची वळणे शतकानुशतके बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागची समजूत आपल्या शाळांत खोलवर रुजलेली आहे. मुलाचे न शिकणे हा त्याचा स्वभावधर्म आहे, त्याला कारण नसते आणि म्हणून उपायही नसतो, अशी ती समजूत. मठ्ठ, मंद, वांड, व्रात्य, हूड ही सारी विशेषणे मुलालाच चिकटतात. घराला किंवा वर्गाला त्यांतले एकही कोणी लावत नाही.

प्राथमिक शाळेतील समुपदेशनाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या समजुतीशी झालेल्या झगड्याचा इतिहास होय. मूल शिकत नाही, गप्प बसते, रडते, मारामाऱ्या करते, तेव्हा कारण शोधायचे कोठे? मुलात, घरात की शाळेत? गेल्या सव्वाशे वर्षांत या तीनही दिशांनी उत्तरे शोधली गेली. त्यांपैकी पहिल्या दोन दिशांनी संस्था उभ्या राहिल्या, शास्त्रे आणि व्यवसाय निर्माण झाले. तिसऱ्या दिशेने जे शोधले गेले ते मात्र ‘समुपदेशन’ या नावाखाली कधी आलेच नाही. आज शाळाशाळांतून समुपदेशक नेमण्याची भाषा बोलली जात असताना ही फारकत समजून घेणे अगत्याचे आहे.

या सेवेचा आरंभ एका शिक्षिकेच्या अस्वस्थतेतून झाला. मार्च १८९६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मार्गारेट मॅग्वायर ही शिक्षिका पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक लाइटनर विट्मर यांच्याकडे आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन गेली. मुलगा चौदा वर्षांचा होता आणि काही केल्या त्याला शब्दांचे स्पेलिंग साधत नव्हते. विट्मर हे लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली तयार झालेले प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्यापाशी अशा मुलासाठी कोणतीही तयार पद्धत नव्हती. पण मनाचे शास्त्र खरे असेल तर या मुलाला त्याचा काही उपयोग झालाच पाहिजे, एवढी त्यांची खात्री होती. तपासणीत मुलाच्या दृष्टीतच दोष आढळला. त्याला चष्मा मिळाला, वाचनाचा खास सराव सुरू झाला आणि त्याच्यात सुधारणा दिसू लागली. त्याच वर्षी विट्मर यांनी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ या ज्ञानशाखेचा उगम येथे मानला जातो.

या घटनेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुलाला अडचण आहे हे प्रथम ओळखले ते शिक्षिकेने. शिक्षा करण्याऐवजी तिला प्रश्न विचारावासा वाटला, म्हणून पुढचे सारे घडले. चिकित्सालयाच्या इतिहासात विट्मर यांचे नाव ठळक अक्षरांत येते आणि मॅग्वायरबाईंचे ओझरते. आणि हा क्रम पुढेही असाच राहिला.

मुलामध्ये कारण शोधण्याच्या या प्रयत्नाला मोजमापाची जोड मिळाली ती पॅरिसमध्ये. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गाबरोबर चालू न शकणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला आणि १९०४ साली सरकारने त्यासाठी एक समिती नेमली. तिचे एक सदस्य आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये आपली बुद्धिमापनश्रेणी प्रसिद्ध केली. बिने यांचे दुसरे काम तितकेसे आठवले जात नाही. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमधल्या एका प्राथमिक शाळेतच शिक्षणविषयक प्रयोगशाळा थाटली होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे, या मताचा त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला आणि लक्ष, स्मरण, निर्णय यांना सरावाने बळ आणणारे व्यायाम सुचवले. म्हणजे कोणत्या मुलाला मदत हवी हे कळावे, यासाठी त्यांनी मोजपट्टी बनवली होती. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. ती मोजपट्टी अटलांटिकपार गेली आणि तेथे १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीनंतर ‘बुद्ध्यंक’ हा जणू मुलाच्या कपाळावरचा लेख होऊन बसला. ‘ढ’ला आता आकडा मिळाला, इतकेच.

दुसरे उत्तर घराच्या दिशेने शोधले गेले. १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत ‘व्हिजिटिंग टीचर’, म्हणजे घरोघर जाणारी शिक्षिका, ही नवी भूमिका जन्माला आली. न्यूयॉर्कमध्ये हे काम प्रथम सेटलमेंट हाउसेसनी, म्हणजे गरीब वस्त्यांत राहून काम करणाऱ्या सेवाकेंद्रांनी, अंगावर घेतले. स्थलांतरितांची मुले शाळेत का पेंगतात, का गैरहजर राहतात, त्यांच्या अंगावर धड कपडे का नाहीत, हे या बाया घरी जाऊन पाहत. परत येऊन त्या वर्गशिक्षिकेला मुलाच्या घरची हकीकत सांगत आणि पालकांना शाळेची. शालेय समाजकार्याचा पाया येथे घातला गेला. एकाच माणसाची ये-जा घर आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी असणे, हे या व्यवस्थेचे बलस्थान होते.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते ‘चाइल्ड गाइडन्स क्लिनिक’ या संस्थेत. शिकागोमध्ये १८९९ साली बालन्यायालय स्थापन झाले होते. तेथे आणल्या जाणाऱ्या मुलांच्या अभ्यासासाठी विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये एक संस्था सुरू केली. पुढे १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंडाच्या आर्थिक पाठबळावर अमेरिकेतील अनेक शहरांत बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा, ही त्यांची पद्धत. या त्रयीत शिक्षकाला जागा नव्हती. मुलाला पाठवणारा आणि मुलाविषयी माहिती पुरवणारा, एवढीच त्याची भूमिका उरली.

हे रोप मुंबईत यायला फार काळ लागला नाही. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत ‘नेबरहुड हाउस’ उभारले. त्याच ठिकाणी १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. या संस्थेने १९३७ मध्ये सुरू केलेले बालमार्गदर्शन केंद्र भारतातील पहिले मानले जाते. मोजमापाची साधनेही याच सुमारास आपल्या भाषेत आली. व्ही. व्ही. कामत यांनी त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड भागातील मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने-श्रेणीचे रूपांतर केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ हे नाव आजही मुलांच्या तपासणी-अहवालांतून भेटते.

आता त्याच मुंबईत, त्याच काळात घडत असलेली दुसरी गोष्ट पाहू. १९३६ सालीच ताराबाई मोडक यांनी दादरला ‘शिशुविहार’ सुरू केले. त्यापूर्वी त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम करीत होत्या. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले होते आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मारू नका, भीती घालू नका, बक्षिसांचे आमिष दाखवू नका, दोन मुलांची तुलना करू नका, हा या मंडळींचा आग्रह. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकाचा नायक प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गावर प्रयोग करणारा एक शिक्षक आहे. त्याच्या वर्गातली मुले गोंगाट करतात, तेव्हा या मुलांचे काय बिघडले आहे असे तो विचारत नाही. आपल्या शिकवण्याचे काय चुकते आहे याचा शोध घेतो आणि गोष्टी सांगू लागतो.

ताराबाई पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथे आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार त्यांनी उलटी करून पाहिली. मुले अंगणात खेळतात तर अंगणवाडी अंगणात भरवावी. मुले गुरे घेऊन कुरणात जातात तर शाळेनेच कुरणात जावे. ‘कुरणशाळा’ हा शब्दच या दृष्टीचा सारांश आहे. जुळवून घेण्याची जबाबदारी मुलाच्या अंगावरून काढून ती शाळेच्या अंगावर टाकणे, असे या कामाचे वर्णन करता येईल. कारण शोधण्याची तिसरी दिशा म्हणतो ती हीच.

नागपाडा आणि दादर यांत अंतर ते किती! तरीही हे दोन प्रवाह एकरूप झाले नाहीत. केंद्राची भाषा इंग्रजी आणि वैद्यकीय होती. तिच्यात मूल ही एक ‘केस’ होती. बालशिक्षणाची भाषा मराठी-गुजराती आणि वत्सल होती. तिच्यात मूल म्हणजे जवळजवळ देवच होते. पहिलीला वर्गाचा विसर पडत असे. दुसरीला खरोखर आजारी, खचलेल्या किंवा घरी मार खाणाऱ्या मुलासाठी लागणारे शास्त्र पुरेसे अवगत नव्हते. दोघींनाही एकमेकींची गरज होती, असे आज म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ‘मार्गदर्शन’ ही कल्पना स्वीकारली, पण ती नोकरीच्या अंगाने. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय काढले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाचा विषय माध्यमिक शिक्षण हाच असल्याने मार्गदर्शन-अधिकाऱ्यांची त्याची शिफारसही माध्यमिक शाळांपुरती राहिली. त्यानंतर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मात्र मार्गदर्शनाला प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या इयत्तेपासून सुरुवात व्हावी, असे स्पष्टपणे सुचवले. आपले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. पण शिफारस अहवालात राहिली. दहावीनंतर कोठे जावे हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. दुसरीतले मूल गप्प का झाले, हा प्रश्न विचारणारी यंत्रणा कोणी उभारली नाही.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मंजूर केल्या. हे पाऊल निःसंशय मोलाचे होते. ‘आळशी’ ठरवल्या गेलेल्या कित्येक मुलांना त्यामुळे प्रथमच न्याय मिळाला. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय सामान्य प्रेक्षकांच्या घरी पोहोचवला. परंतु सवलत येते ती प्रमाणपत्राच्या वाटेने. प्रमाणपत्र मिळते मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत, आणि निदानाची साधने प्रामुख्याने इंग्रजीच्या आधारे घडलेली. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी बनवलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये आली. मधल्या दोन दशकांत जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘मगर’ आणि ‘गरम’ यांत गोंधळणाऱ्या मुलापर्यंत हे शास्त्र कितपत पोहोचले असेल, याची कल्पना करता येते.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. गिजुभाईंचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकात यायला अशी अनेक दशके लागली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समुपदेशकांचा उल्लेख आला. त्यानंतर एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावेत, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या वाड्यावस्त्यांवरील द्विशिक्षकी शाळा या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे ज्या मुलांपर्यंत तज्ज्ञ सर्वांत उशिरा पोहोचेल, त्यांच्या वाट्याला फक्त संपर्कव्यवस्था आहे. तेथे शिक्षक हाच पहिला आणि बहुधा अखेरचा आधार असणार.

म्हणून प्रश्न केवळ पदे भरण्याचा नाही. नेमणुका झाल्याच पाहिजेत; प्रशिक्षित माणसाचे काम सदिच्छेने भागत नाही. पण समुपदेशकाची खोली वर्गापासून तुटली, तर ती ‘ढ’ मुलांना पाठवून देण्याची नवी जागा ठरेल. शिक्षक हायसे वाटून घेईल आणि वर्ग आहे तसाच चालू राहील. इतिहास सांगतो तो असा: या सेवेची पहिली पायरी मॅग्वायरबाईंनी चढली होती, दुसरी घरोघर हिंडणाऱ्या शिक्षिकांनी आणि तिसरी कोसबाडच्या टेकडीवर दोन बायांनी. तिन्ही वेळा मुलाच्या रोजच्या सहवासातल्या किंवा त्याच्या घरादारापर्यंत जाणाऱ्या माणसांनीच मूल ओळखले. समुपदेशकाने या माणसांचा सोबती व्हावे आणि मुलाइतकेच वर्गाचेही ऐकावे. प्रसंगी मूल ठीक आहे, पाठ बदला, असे मुख्याध्यापकांना सांगण्याचा अधिकारही त्याला असावा.

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दात ‘उपदेश’ बसला आहे, ही एक गंमतच म्हणायची. कारण या कामात बोलण्यापेक्षा ऐकणे अधिक आणि ऐकल्यावर बदलायची तयारी ठेवणे त्याहून अधिक. ती तयारी आजवर आपण नेहमी मुलाकडे मागत आलो. शाळेकडे ती मागायला आपण शिकलो, तर न बदलणारा ‘ढ’ नक्की कोण होता, याचा आपल्याला नव्याने विचार करावा लागेल.