संकेतस्थळाचा उंबरठा

कळंब्याच्या तळ्याकडे संध्याकाळी फिरायला जाताना माझी एका वृद्ध शेतकऱ्याशी नेहमी गाठ पडते. मध्यंतरी ते मोबाइल घेऊन घरीच आले. म्हणाले, "सर, एवढा अर्ज तेवढा भरून द्या की." अर्ज एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा होता. पाऊण तास आम्ही बसलो. आरंभी ज्याचा उल्लेखही नव्हता, असा एक दाखला शेवटच्या पानावर मागितला गेला. तो शोधेपर्यंत 'वेळ संपली' अशी पाटी झळकली आणि लिहिलेले सारे पुसले गेले. म्हातारबा उठले. "आमाला न्हाई जमायचं हे. अडाणी माणसं आमी."

आता बघा, ज्या माणसाला उसाचा उतारा, पाण्याची पाळी आणि सोसायटीचं कर्ज तोंडपाठ, तो अडाणी कसा? खोट माणसात की त्या पानात?

या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ जगाला खुले झाले, तेव्हा लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक शास्त्रज्ञच होते. एकाच बिरादरीतल्या माणसांना एकमेकांचे कोडे उलगडावे लागत नाही. पुढे सामान्य माणूस यंत्रासमोर येऊ लागला. १९९४ मध्ये याकोब नील्सन यांनी यंत्र आणि माणूस यांच्या व्यवहाराची दहा सूत्रे मांडली. यंत्राने माणसाच्या ओळखीच्या शब्दांत बोलावे, काय चालले आहे ते त्याला सांगत राहावे आणि चुकल्यास मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी, ही त्यांतलीच. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला पाणी कुठे आहे हे शोधावे लागत नाही. तोच हा न्याय.

पण याचा खरा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला. १९९८ साली वारणा खोऱ्यात सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक आले. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही त्यांतून मिळावे, ही कल्पना होती. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तेव्हा संगणकाचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या व्यवहारासाठीच होत असल्याचे आढळले. शेतकऱ्याचे प्रश्न मोजके होते: माझ्या उसाचे वजन किती भरले? खताचा हिशेब काय? तेव्हा २००६-०७ च्या सुमारास सात गावांत एक प्रयोग झाला. तीच माहिती मोबाइलवरच्या छोट्या संदेशाने मिळू लागली. ती व्यवस्था स्वस्त ठरली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक आवडली.

यात यंत्र वाईट होते असे मुळीच नाही. देणाऱ्याने काय काय देता येईल याचा विचार केला होता. घेणारा काय विचारायला येतो, हे मात्र मागाहून कळले. सोपेपणाचे सारे मर्म या एका फरकात आहे.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. गट नंबर ठाऊक नसला तरी खातेदाराच्या नावाने शोधण्याची सोय संकेतस्थळावर ठेवलेली आहे. आपले रान 'ओढ्याकडचं' किंवा 'माळावरचं' म्हणून ओळखणाऱ्या माणसाला हे दुसरे दार फार मोलाचे. ते नसेल तर त्याला एजंट गाठावा लागतो. स्वतःच्याच जमिनीचा कागद बघायला पैसे मोजावे लागतात, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

मग करावयाचे काय? नील्सन यांचेच सांगणे आहे की, अवघ्या पाच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी कळंब्यातली पाच माणसे बोलवा. त्यांच्या हातात मोबाइल द्या आणि आपण गप्प बसून पाहा. बोट जिथे अडखळेल, तिथे पान दुरुस्त करा.

आमचे म्हातारबा त्या पाचांत असले, तर 'अडाणी' हा शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा यायचा नाही.