हेत्वाभासाची कुळकथा

बोलण्यातली खोट नावानिशी दाखवण्याची रीत न्यायदर्शनाने फार आधी शास्त्राच्या थराला नेली. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत. त्यांतले वितंडा, हेत्वाभास, छल, जाती (म्हणजे फसवे उत्तर) आणि निग्रहस्थान हे पाच बिघडलेल्या वादाच्याच खात्यात पडतात. वादी हरला असे ठरवण्याच्या जागा, म्हणजे निग्रहस्थाने, तर तब्बल २२.

हेत्वाभास हा कारणासारखा दिसतो, पण काही सिद्ध करत नाही. त्याचे पाच प्रकार. व्यवहारात सर्वांत जास्त भेटतो तो सव्यभिचार. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे ऐकायला ठीक वाटते. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवला की ते कोसळते: अग्नी आहे, धूर नाही. बुधवार पेठेत तुळशीबागेत ‘दुकानापुढे एवढी गर्दी, म्हणजे माल स्वस्तच असणार’ म्हणणारे गिऱ्हाईक याच खड्ड्यात पडते. गणपतीच्या तोंडावर गर्दी महागड्या दुकानापुढेही असते.

इंग्रजी अमदानीत या विद्येला पुण्यात सरकारी छप्पर मिळाले ते या पेठेला लागून असलेल्या विश्रामबागवाड्यात. पेशवाई बुडून तीनच वर्षे झाली होती. १८२१ साली कमिशनर चॅप्लिन यांनी पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतला काही भाग वळवून तिथे संस्कृत पाठशाळा काढली. वेद, व्याकरण, ज्योतिष, धर्मशास्त्र यांच्या जोडीला न्यायही शिकवला जाई. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. तिचेच पुढे पुणे कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले.

पुढे वाद पाठशाळेबाहेरही आला. १८७० मध्ये विधवाविवाहावर पुण्यात शंकराचार्यांपुढे जाहीर शास्त्रार्थ झाला. सुधारकांची बाजू विष्णुशास्त्री पंडितांनी लढवली. १८७४ साली भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ निघाला आणि त्याच वर्षी कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. कोशात दोषांच्या काटेकोर व्याख्या; मालेत लोकहितवादी आणि जोतीराव फुल्यांवरची झोड, जी मुद्दा सोडून लेखकाच्या व्याकरणावर आणि विद्वत्तेवर वारंवार घसरते. वाचकांनी दुसरी उचलली, यात नवल नाही.

शब्दांचेही तसेच झाले. सव्यभिचार, सत्प्रतिपक्ष, बाधित ही हेत्वाभासांची नावे शास्त्र्यांपाशीच राहिली. ती वापरायची तर हेतू, म्हणजे दिलेले कारण, तपासत बसावे लागते. प्रतिपक्षाच्या अंगावर फेकता येणारे शब्द मात्र मराठीत मुरले. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी; ऐकणाऱ्याने ‘नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारले की तो वाक्छल. मराठीतला शब्दच्छल त्याच्याच जवळचा. कोटिक्रम, अतिव्याप्तीही याच घराण्यातले. सर्वांत पुढे गेला वितंडवाद. न्यायसूत्रांप्रमाणे वितंडा करणाऱ्याला स्वतःचा पक्षच मांडायचा नसतो, नुसता दुसऱ्याचा मोडायचा असतो. आज मात्र आपले मत सोडायला तयार नसलेल्यालाच लोक बिनदिक्कत वितंडवादी म्हणून मोकळे होतात.