कुरणवनस्पतींची उगवण व तापमान

कमी पावसाच्या कुरणांत बी उगवते ते ओलीवर. पण केव्हा आणि किती वेगाने, हे बरेचसे जमिनीच्या तापमानावर ठरते. प्रत्येक जातीचे एक किमान तापमान असते. त्याखाली ओल असूनही मोड येत नाहीत. अंजन गवत, मारवेल, कुसळी यांसारख्या उष्ण प्रदेशांतील गवतांत ते साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुढे वेग वाढत जातो, 25 ते 35 अंशांदरम्यान उगवण सर्वांत चांगली होते आणि 40 अंशांपलीकडे ती झपाट्याने घटते. माळरानावर या वेगाला फार मोल आहे. वळवाच्या सरीनंतर वरची बोटभर माती दोन-तीन उन्हांत सुकते. तोवर मूळ खालच्या ओलीला लागले नाही, तर कोंभ करपतो.

तापमानाचे दुसरे काम पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. महाराष्ट्रात या गवतांचे बी मुख्यतः पावसाळा सरताना झडते. तेव्हा माती उबदार असते, परतीच्या पावसाची ओलही असते, तरीही बरेचसे ताजे बी उगवत नाही. उगवले असते, तर रोपे पुढच्या जूनपर्यंत क्वचितच तगली असती. ही सुप्तावस्था कोरड्या उष्णतेत हळूहळू ओसरते. म्हणून अंजन गवताचे बी काही महिने ठेवून मग पेरणे चांगले. बी जितके ताजे तितके उत्तम, हा समज इथे फसवा ठरतो.

मे महिन्यात उघड्या जमिनीचा पृष्ठभाग कधीकधी 60 अंशांपर्यंत तापतो. कोरडे बी असा ताप बऱ्याच अंशी सोसते, भिजून फुगलेले बी मात्र सोसत नाही. कुसळीच्या बियाला पीळ असलेले लांब कुसळ असते. दमट हवेत पीळ उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बियाचे टोकदार बूड भेगेत, गवताच्या बुंध्याशी किंवा मातीत रुतते. थोड्याच खोलीवर दुपारचा ताप बराच कमी असतो.

स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्यात अडथळा कवचाचा असतो, कारण त्यातून पाणी आत शिरत नाही. उन्हाळाभर दिवसा तापून रात्री निवत गेल्याने ते एका नाजूक जागी सैल पडते. पेरणीपूर्वी बी सुमारे 80 अंशांच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात, तेही यासाठीच. रानात मात्र सारे बी एकाच वर्षी मऊ होत नाही. उरलेले मातीत पुढच्या पावसाळ्यांसाठी शिल्लक राहते.