समुद्रफेन आणि देवमाशाचे मेण

घरच्या घरी लेप, उटणी, मलमे करण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि समुद्रातून आलेल्या वस्तूंना तिच्यात पहिल्यापासून जागा आहे. मीठ आहे, शंख आहे, मोती आहे, समुद्रफेन आहे. आज ही हौस पुन्हा जोरात आली आहे. कुणी समुद्री मिठाचा स्क्रब करते, कुणी शेवाळाचा लेप लावते. त्यामागे एक विश्वास असतो. वस्तू निसर्गातली आहे आणि केली आपल्या हाताने, मग त्यात वावगे काय असणार? हा विश्वास आज आपण इतिहासाला लावून बघू. त्यासाठी आम्ही एक साधा पदार्थ निवडला आहे, तो म्हणजे कोल्ड क्रीम.

कोल्ड क्रीमचा मूळ पाठ दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर सांगतात. मधमाशीचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी, एवढेच. त्यातले पाणी त्वचेवरून उडून जाते आणि गार वाटते, म्हणून 'कोल्ड'. पण तेल आणि पाणी काही फार दिवस एकत्र नांदत नाहीत. मिश्रण फुटते, तेलाला वास येतो. म्हणून हे थोडे थोडे करायचे आणि लवकर संपवायचे. आता बघा, असा पदार्थ साठवायच्या दुकानापेक्षा घरातच शोभतो. युरोपातल्या गृहिणींच्या हस्तलिखित वह्यांत तो पाककृतींच्या शेजारी बसला, यात नवल नाही.

पुढे या कृतीत एक नवा घटक शिरला, स्पर्मासेटी. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात मुक्या मारावरचे औषध म्हणून त्याचा उल्लेख आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्रेक्षकाला ते माहीत होते. पांढरा, मऊसर, मेणासारखा खडा. बदामाच्या तेलाबरोबर तो मंद उष्णतेवर वितळवायचा आणि घोटत घोटत गुलाबपाणी घालायचे. क्रीम शुभ्र आणि गुळगुळीत होई.

हा खडा आला कुठून? नावाचा शब्दशः अर्थ 'देवमाशाचे वीर्य'. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात एक द्रव असतो. गार झाला की तो पांढरा पडून थिजतो. लोकांनी त्याला वीर्य समजून नाव देऊन टाकले. वास्तविक ते एक प्रकारचे मेण आहे आणि ते ज्या अवयवात असते, त्याचा संबंध या प्राण्याच्या आवाज काढण्याशी आहे. नाव चुकीचे पडले, कारण नाव देणाऱ्यांना तो प्राणी नीट दिसलाच नव्हता.

हा मुद्दा जरा धरून ठेवा. मधमाशीचे पोळे घराच्या परसात असू शकते. मेण काढताना माशी दिसते, डंखही बसतो. स्पर्मासेटीचा खडा औषधविक्याच्या पुडीतून येई. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेतल्या नॅनटकेटसारख्या बंदरांतून निघालेली जहाजे दोन-दोन, तीन-तीन वर्षे या देवमाशांच्या मागे फिरत. मेलव्हिल स्वतः अशा जहाजावर होता. त्याच्या 1851 च्या 'मॉबी डिक'मध्ये खलाशी या थिजलेल्या मेणाच्या गुठळ्या हातांनी चुरतात, आणि त्यांचे हात मऊ होतात. शिकारीवरचे हात आणि पुडी उघडणारे हात, दोघांनाही तोच गुण जाणवत होता. प्राणी मात्र एकालाच दिसत होता.

आम्ही असे म्हणत नाही की देवमासे कोल्ड क्रीमसाठी मारले गेले. ते मुख्यतः दिव्याचे तेल, मेणबत्त्या आणि यंत्रांचे वंगण यांसाठी मारले गेले. क्रीमचा वाटा चिमटीएवढाच. पण प्रत्येक घराला आपली चिमूट निरुपद्रवीच वाटते, ही तर खरी अडचण आहे.

1859 मध्ये पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, आणि दिव्यासाठी देवमाशाची गरज घटत गेली. तेवढ्याने तो वाचला असे मात्र नाही. 1960 च्या दशकात काही वर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय 1982 चा, अंमल 1986 पासूनचा. दरम्यान होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतले द्रवरूप मेण पर्याय म्हणून पुढे आले. आणखी एक गंमत सांगतो. शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने 1817 मध्ये स्पर्मासेटीपासून एक पदार्थ वेगळा केला, सिटाइल अल्कोहोल. आजच्या कितीतरी क्रीमच्या बाटल्यांवर हे नाव छापलेले असते. 'सिटाइल'मध्ये देवमाशाचे लॅटिन नाव 'सीटस' दडले आहे. पदार्थ आता बहुधा पाम तेलापासून होतो. देवमासा गेला, नाव राहिले आणि पामसाठी तोडलेल्या जंगलांचा प्रश्न नव्याने आला.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. कोकणात वाळूवर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू सापडते. वैद्यकात तिचे नाव समुद्रफेन, म्हणजे समुद्राचा फेस. लेपांत तिची पूड वापरतात. पण ती फेस नव्हे. माकुलाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या अंगातले ते कवच आहे. त्यातल्या पोकळ कप्प्यांमुळे जिवंतपणी तो पाण्यात तरंगतो आणि मेल्यावर कवच किनाऱ्याला लागते. म्हणजे येथे वस्तू डोळ्यांपुढे होती, तरी नाव चुकलेच! 'अंबर'चेही तसेच. त्याला देवमाशाची उलटी म्हणतात, पण ते तयार होते आतड्यात. आपल्याकडे स्पर्म व्हेल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि अंबरचा व्यापार हा गुन्हा आहे. सुगंधी मलमाच्या हौसेनेही तिकडे वळू नये.

नैयायिक प्रत्यक्ष आणि शब्द ही वेगळी प्रमाणे मानतात. पुडीवरचे 'नैसर्गिक' हे शब्दप्रमाण झाले, आणि सांगणारा विश्वासार्ह असेल तरच ते चालते. शिवाय तो शब्द फक्त उगम सांगतो. वस्तू त्वचेला मानवेल का, हे तो सांगत नाही. मीठ नैसर्गिकच आहे, पण खरचटलेल्या जागी चोळून बघा! आणि ती मिळवताना काय मोडले, हेही तो सांगत नाही. घरी केल्याने वस्तूच्या प्रवासातला फक्त शेवटचा टप्पा आपल्या हाती येतो. आधीचे टप्पे विचारावे लागतात. हे कोणत्या जीवाचे, तो जिवंत असताना काढले की मेल्यावर किनाऱ्याला लागले, आणि सगळ्यांनीच घ्यायचे ठरवले तर ते पुरेल का? घरातल्या बाईला दोनशे वर्षांपूर्वी ही उत्तरे मिळणे अवघड होते. आपल्याला ती मिळू शकतात, म्हणून विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

येथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.