ख्रिस्तीन द पिझांची पोथी

फ्रान्सांतील स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास बहुधा इ. स. १७९१ तील ओलँप द गूज हिच्या जाहीरनाम्यापासून सांगितला जातो. आमच्या मतें हा आरंभ जुन्या पोथ्यांच्या आधारें जवळजवळ चार शतकें मागें न्यावा लागतो. व्हेनिस येथें जन्मलेली ख्रिस्तीन द पिझां पंचविशीच्या सुमारास विधवा झाली व लेखणीवर कुटुंब पोसूं लागली. इ. स. १४०५ त तिनें ‘स्त्रियांचें नगर’ हा फ्रेंच ग्रंथ रचला. मुलींना मुलांप्रमाणें शाळेंत घातल्यास त्याही सर्व शास्त्रें तितक्याच उत्तम शिकतील, असें त्यांत प्रतिपादिलें आहे. तिनें राजकीय हक्क मागितले नाहींत हें खरें. परंतु बुद्धीच्या समतेचा पाया येथेंच घातलेला दिसतो.

राणी इझाबोसाठीं तिनें आपल्या देखरेखीखालीं सिद्ध करविलेली सचित्र पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत हार्ली ४४३१ या क्रमांकानें जतन आहे. तींत हा ग्रंथ आहे. त्याचें इंग्रजी भाषांतर १५२१ त छापलें गेलें. मूळ पाठ मात्र ग्रंथरूपानें १९९७ त, मिलान येथें प्रसिद्ध झाला. मुद्रणाच्या अभावावरून विचाराचा अभाव गृहीत धरणें संशोधकास उचित नव्हे.