न वाजवितां घेतलेला रुपया

माझी आजी बाजारांतून सुटे पैसे आले कीं ते मोजण्याआधीं एकेक नाणें दगडी उंबऱ्यावर टाकून पाही. चांदीचा रुपया चलनांतून जाऊन तेव्हां पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं, आणि निकेलच्या नाण्यांतून कसला नाद निघणार हें तिलाहि ठाऊक होतें; पण हाताची संवय सुटत नव्हती. खणखणीत आणि बद्द ह्या दोन शब्दांत तिचें सारें नाणकशास्त्र सामावलेलें होतें.

आज आपल्याशीं बोलावयास बसतांना मीं खिशांतून दोन रुपये आणले आहेत. ते येथें टेबलावर टाकतों, आपण ऐकावे. हा पहिला, आणि हा दुसरा. दोहोंचा नाद सारखाच आहे. दोहोंचें वजनहि सारखें आहे. दोहोंवर सहाव्या जॉर्जचा मुखवटा आहे. पहिला १९३८ सालचा असून त्याची किंमत आंतल्या चांदीहून फारशी अधिक नाहीं. दुसऱ्यावर १९३९ सालचा आंकडा आहे, आणि त्यासाठीं मीं मोबाइलच्या पडद्यावरील दोन छायाचित्रें पाहून पहिल्याच्या कित्येक पट रक्कम मोजली. हा दुसरा रुपया खोटा आहे. तो कसा खोटा, हें सांगण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

नाणें घेण्यापूर्वीं तें जाणत्याला दाखवावें ही रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पाडणारा अधिकारी वेगळा आणि तीं पारखणारा वेगळा सांगितला आहे. पहिला लक्षणाध्यक्ष, दुसरा रूपदर्शक. पेशवाईंत हेंच काम पोतदाराकडे असे. एकाच पेठेंत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये फिरत. सरकारनें टांकसाळीचे परवाने खासगी माणसांसहि दिलेले. त्यामुळें चांदीचा कस जागोजाग बदले. न्यायमूर्ति रानड्यांनीं पेशवे दप्तराच्या आधारें ह्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला, तो वाचतांना ह्या कारभारांत व्यापारी हिशेब तरी कसा ठेवीत याचें नवल वाटतें. उत्तर असें कीं, हिशेब पोतदार आणि सराफ ठेवीत. कोणत्या रुपयावर किती बट्टा घ्यावयाचा हें ते ठरवीत, आणि शंका आली तर नाण्याला छिन्नीचा घाव घालून आंतली धातु पाहत. जुन्या रुपयांवर लहान फुलें, टिंबें, चिरा दिसतात त्या बहुधा ह्याच सराफी खुणा होत. आजचा संग्राहक अशा खुणा पाहून नाक मुरडतो व किंमत पाडतो. मला हें विचित्र वाटतें. ज्या खुणांनीं तो रुपया खरा असल्याची त्या काळीं ग्वाही दिली, त्याच आज त्याचा दोष ठरतात.

बट्ट्याच्या ह्या गोंधळांतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. बंगालकडे शिक्का रुपया नवा असेतों पुऱ्या भावानें चाले व वर्षें लोटतील तसा त्याचा भाव उतरे. नाण्यावर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्ष असे, म्हणून सराफाला त्याचें वय लगेच कळे. ह्यावर कंपनी सरकारनें युक्ति काढली. शाह आलमच्या एकोणिसाव्या वर्षाचा आंकडा कायम करून टाकला, आणि पुढें १८३५ पर्यंत त्याच आंकड्याचे रुपये पाडले. फर्रुखाबादी रुपयावर पंचेचाळीस हा आंकडा असाच गोठला, सुरती रुपयावर शेहेचाळीस. आज अशा रुपयाचें छायाचित्र लावून, त्यावरील साल वाचून, तो अमुक वर्षींचा म्हणून विकणारा लबाडच असेल असें नाहीं. पुष्कळदां तो आपल्याइतकाच अजाण असतो.

आपल्या शिवराईचेंहि असेंच आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें दिसलीं कीं, हा पैसा १६७४ च्या राज्याभिषेकाचा, असें सांगून भाविकपणाची किंमत वसूल केली जाते. वास्तविक हीच अक्षरें घातलेल्या तांब्याच्या शिवरायी महाराजांच्या मागून शंभर वर्षांहून अधिक काळ पाडल्या जात होत्या, आणि घरोघरीं सांपडणाऱ्या शिवरायींपैकीं पुष्कळशा ह्या उत्तरकाळच्याच असतात. त्यांचें मोल कमी नाहीं, पण तें वेगळें आहे. सोन्याचा होन मात्र खरोखरच दुर्मिळ. त्याचें वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतें; आणि दुर्मिळ म्हणूनच पडद्यावर तो रोज कोणी ना कोणी विकावयास काढलेला दिसतो!

१८३५ च्या कायद्यानें सर्व कंपनी मुलखांत एक रुपया आला: वजन १८० ग्रेन, त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी. आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. घरांतल्या बायका रुपयाभार हळद, रुपयाभार सुंठ असें म्हणत तें ह्या रुपयावरूनच. कांठावर बारीक दांते पाडले, म्हणजे कडा कातरून चांदी चोरणें कठीण झालें. बाजारांतल्या पोतदाराचें काम तेथें संपलें. मात्र त्याची गरज दुसऱ्या बाजारांत पुन्हां उभी राहिली, आणि तो बाजार संग्राहकांचा.

येथें धातूच्या वजनानें किंमत होत नाहीं. नाणें किती विरळ, किती लोकांस हवें, आणि त्याची स्थिति कशी, ह्या तीन गोष्टी पाहतात. झीज सर्वांत आधीं उंच भागांवर दिसते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर कानावरील केंस पाहावे, पंचम जॉर्जच्या रुपयावर कान आणि अंगरख्यावरील नक्षी. त्या नक्षींतील हत्तीची सोंड १९११ च्या रुपयावर इतकी आंखूड उठली कीं, लोकांस तें डुक्कर वाटलें. धर्मभावना दुखावल्या, आणि सुमारें चौऱ्याण्णव लाख पाडलेल्या रुपयांपैकीं सात लाखच काय ते बाहेर आले. बाकीचे वितळविले गेले. पुढील वर्षीं हत्ती सुधारला. हा रुपया दुर्मिळ झाला तो अशा रीतीनें.

स्थितीला आंकड्यांत बसविण्याचा उद्योग अमेरिकेंतला. विल्यम शेल्डन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं तेथील जुन्या सेंट नाण्यांवर पुस्तक लिहून एकपासून सत्तरपर्यंत गुण देण्याची पद्धत घातली. तिच्या आधारावर १९८६ पासून तेथें नाणीं तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबींत बंद करणाऱ्या संस्था निघाल्या. शेल्डनच्या मृत्यूनंतर मात्र असें उघडकीस आलें कीं, ह्या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या नाणकसंस्थेच्या संग्रहांतील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागीं आपलीं हलकीं नाणीं ठेवलीं होतीं. स्थितीची पारख त्याच्याहून अधिक कोणाला असणार? तीच त्यानें चोरीच्या कामीं लावली.

आपल्याकडील बहुतेक जुनीं नाणीं अशा डबींत नसतात. आणि डब्याहि खोट्या निघतात. तेव्हां जबाबदारी घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पडते. ते डोळे चकाकीला भुलतात हा माझा अनुभव आहे. आपल्या घरांतून धनत्रयोदशीला पूजेचे रुपये रिठ्यानें, चिंचेनें, प्रसंगीं रांगोळीनें घासून लख्ख करण्याची चाल आहे. देव्हाऱ्याला तें शोभतें. नाण्याच्या अंगावर मात्र हजार ओरखडे उठतात आणि शंभर वर्षांत बसलेला करडा निळसर रंग एका दुपारीं जातो. असा घासलेला रुपया छायाचित्रांत सर्वांत सुंदर दिसतो. दागिन्यांतून काढलेल्या नाण्याचें तेंच. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला आपण पुतळी म्हणत आलों आणि तिच्या माळा केल्या. डाख काढून टाकला तरी कांठावर डागाची खूण राहते, आणि म्हणूनच विकणारा कांठाचें छायाचित्र देत नाहीं.

उलट, विद्रूप दिसणारें नाणें अमोल असूं शकतें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं क्षहरात नहपानाचीं. पण त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. दोन छाप एकावर एक, ह्याचा चेहरा त्याच्या चैत्याखालीं अर्धा दडपलेला. सुबकपणाच्या हिशेबानें हीं नाणीं नापास. पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख ज्या विजयाची वार्ता सांगतो, त्याचा पुरावा शेतांतून निघाला तो ह्याच रूपांत.

लबाडांचा इतिहासहि पारखीइतकाच मोठा. जर्मनींतील ऑफेनबाख येथें कार्ल बेकर म्हणून एक गृहस्थ १८३० पर्यंत होऊन गेला. ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरी. पुष्कळदां खऱ्या पण स्वस्त प्राचीन नाण्यावरच नवा ठसा मारी, म्हणजे धातूची परीक्षा केली तरी ती जुनीच निघावी! मग तीं नाणीं लोखंडाच्या कीसासह पेटींत घालून ती पेटी घोडागाडीला बांधी व मैलोगणती फिरवून आणी. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना हवा खायला नेलें, असें तो म्हणे. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयांत आहेत.

आमच्याकडच्या लबाडीला इतके कष्ट पडत नाहींत. १८१८ सालचे, रामपंचायतनाचें चित्र असलेले, कंपनीचे म्हणून तांब्याचे अर्धे आणे विकले जातात. असें नाणें कंपनीनें कधींहि पाडलेलें नाहीं. फसणाऱ्याचा दोष तरी किती म्हणावा? मद्रासकडे कंपनीनें विष्णूची मूर्ति असलेले सोन्याचे होन खरोखरच पाडले होते. तेव्हां देवाचें चित्र पाहून संशय यावा कसा? याहून धीट प्रकार म्हणजे तुमच्या घरच्या नाण्याला लाखों रुपये देऊं करून आधीं शुल्क मागावयाचें, आणि त्यासाठीं रिझर्व्ह बँकेचें नांव वापरावयाचें. असा व्यवहार आपण करीत नाहीं व कोणास तसा अधिकारहि दिलेला नाहीं, असें बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांपूर्वींचें नाणें पुरावस्तु ठरतें. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, व खासगी माणसास तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.

आतां माझ्या रुपयाकडे येतों. १९३९ चा चांदीचा रुपया फार विरळ आहे. लगेच पुढील वर्षीं सरकारनें चांदी निम्म्यावर आणली. विकणाऱ्यानें दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें पाठविलीं, वजन सांगितलें, तें बरोबर होतें. मीं कांठ मागितला, तोहि आला. दांते स्वच्छ होते. मला वाटलें, झालें. नाणें हातीं आल्यावर तें दोऱ्यानें टांगून पाण्यांत तोललें, तर सुमारें १.१३ ग्रॅम घट आली, म्हणजे चांदी अस्सल. तीन दिवस मी आनंदांत होतों. चौथ्या दिवशीं खिडकींतून तिरपें ऊन येत असतांना भिंगाखालीं साल पाहिलें. शेवटच्या नवाचें पोट डावीकडे मोकळें, आणि त्या मोकळ्या जागेंतली पाटी आसपासच्या पाटीहून केंसभर खोल. तेथें कोणी तरी आठाची डावी कड कोरून काढली होती. रुपया खरा होता, टांकसाळ खरी होती. खोटें होतें तें त्या आंकड्याचें अर्धें वेटोळें. पाठविलेल्या छायाचित्रांत उजेड समोरून पडलेला होता. तिरप्या उजेडांत सालाचें मोठें छायाचित्र मागावें, हें मला सुचावयास हवें होतें. सुचलें नाहीं, कारण मला तो रुपया खरा हवा होता.

गेल्या दिवाळीपूर्वीं शेजारच्या वहिनी पतीच्या मागें राहिलेला पत्र्याचा डबा घेऊन आल्या. मुलाच्या शिक्षणाची अडचण होती, आणि कोणी पडद्यावरून सगळ्या डब्याला एकरकमी आंकडा सांगितला होता. त्यांत घासून पांढरे केलेले व्हिक्टोरियाचे सात रुपये होते. रामपंचायतनाचा अर्धा आणा होता, ज्यासाठीं भाऊंनीं एका महिन्याचा पगार घातला होता. आणि तळाशीं एक काळा, वेडावांकडा, तीन ठिकाणीं सराफानें चिरलेला रुपया. तो अंकुशी निघाला, खरा. अर्ध्या आण्याबद्दल मला सत्य सांगावें लागलें. वहिनी कांहीं वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीं सात रुपये चांदीच्या भावानें देण्याचें ठरविलें, अर्धा आणा देव्हाऱ्यांत ठेवला, आणि अंकुशी रुपया पदराच्या टोकानें पुसूं लागल्या. मीं त्यांचा हात धरला.