अमेरिकेतील ग्रामीण काउंटी आणि दिवाळखोरीची नोंद : शोध कोठे व कसा घ्यावा?

अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेतजमीन, मोटेल किंवा पेट्रोलपंपासारखा एखादा छोटा व्यवसाय विकत घेताना, भागीदारी करताना वा मोठी उसनवारी देताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. समोरच्या व्यक्तीने पूर्वी दिवाळखोरीचा अर्ज केला होता काय? तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही. उत्तर शोधण्यासाठी बहुतेक जण काउंटीच्या न्यायालयाची पायरी चढतात, नाव सांगतात आणि 'अशी नोंद नाही' हे उत्तर घेऊन निश्चिंत मनाने परततात. घोटाळा होतो तो येथेच. काउंटीच्या न्यायालयात दिवाळखोरीची प्रकरणे दाखलच होत नाहीत. मग तेथे नोंद मिळणार कोठून?

भारतीय माणसाची ही चूक स्वाभाविक म्हणावी लागेल. आपल्याकडे व्यक्तीच्या नादारीसंबंधीचा १९२० चा जुना कायदा जिल्हा न्यायालयाकडे बोट दाखवतो (मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा असून तेथे अधिकार उच्च न्यायालयाकडे आहे). त्यामुळे जिल्ह्याचे दफ्तर जिल्ह्याच्या ठिकाणी, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. अमेरिकेच्या राज्यघटनेने मात्र दिवाळखोरीविषयी देशभर एकसमान कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. या कायद्याखालील प्रकरणे संघराज्याच्या न्यायालयात चालतात. राज्याच्या किंवा काउंटीच्या नव्हे. देशात ९४ संघीय न्यायिक विभाग असून दिवाळखोरी न्यायालये ९० आहेत.

नेब्रास्का राज्यातील कस्टर काउंटीचे उदाहरण घेऊ. क्षेत्रफळाने ती आपल्या वर्धा जिल्ह्याहून किंचित मोठी. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम साडेदहा हजार. ब्रोकन बो हे तिचे मुख्य ठिकाण. गुरे, मका आणि गवताळ टेकड्या यांच्यावर अर्थकारण चालणाऱ्या या भागातील शेतकऱ्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, तर त्याचे कागद ब्रोकन बोच्या न्यायालयात नसतात. संपूर्ण नेब्रास्का हा एकच संघीय विभाग आहे आणि त्याच्या दिवाळखोरी न्यायालयाची कार्यालये ओमाहा आणि लिंकन येथे आहेत. ओमाहाला जायचे म्हणजे तीन-चार तासांचा मोटारप्रवास. सुदैवाने तो करण्याची गरज बहुधा पडत नाही.

याचे कारण 'पेसर' ही संघीय न्यायालयांची संगणकीय अभिलेख-व्यवस्था. खाते उघडणे विनामूल्य आहे. कागद पाहण्यासाठी दर पानाला १० सेंट पडतात. एका दस्तऐवजासाठी कमाल आकार ३ डॉलर. तिमाहीचा खर्च ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाला, तर तो माफ होतो (२०२० पूर्वी ही मर्यादा १५ डॉलर होती). म्हणजे एक-दोन नावे तपासणाऱ्याला सहसा काहीच भरावे लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. ३ डॉलरची कमाल मर्यादा नावाच्या शोधाला लागू नाही. 'स्मिथ' एवढेच आडनाव टाकून संपूर्ण देशाचा शोध घेतला, तर निकालाची पानेच पाने निघतात आणि प्रत्येक पानाचे पैसे लागतात. या शुल्काविरुद्ध २०१६ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला होता; २०२४ मध्ये साडेबारा कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. दर मात्र तेच राहिले.

शोध सुरू करावा तो एका राज्यापुरता नव्हे, तर 'पेसर केस लोकेटर' या देशव्यापी सूचीतून. अर्जदाराने अर्जापूर्वीच्या १८० दिवसांपैकी अधिक काळ जेथे वास्तव्य केले, त्या विभागात अर्ज होतो. आज कस्टरमध्ये राहणारा माणूस पाच वर्षांपूर्वी कोलोरॅडोत असेल, तर नोंदही कोलोरॅडोतच सापडेल. ग्रामीण भागात शेती अनेकदा कंपनीच्या नावावर चालते. तेव्हा व्यक्तीचे आणि कंपनीचे अशी दोन्ही नावे तपासावीत. पती-पत्नी संयुक्त अर्ज करू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांना संगणकाच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांच्यासाठी दूरध्वनीवरील स्वयंचलित, विनामूल्य सेवा आहे. नाव सांगितले की प्रकरणाचा क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, विश्वस्त आणि सद्यःस्थिती ऐकायला मिळते. न्यायालयाच्या कार्यालयात प्रत्यक्ष गेल्यास तेथील संगणकावर कागद फुकट पाहता येतात. छापील प्रतीला तेवढे पैसे पडतात. शिवाय इतरांनी पूर्वी उतरवून घेतलेले काही कागद 'रीकॅप' या मुक्त संग्रहात विनामूल्य मिळू शकतात. याउलट 'झटपट पार्श्वभूमी-तपासणी'ची जाहिरात करणारी खासगी संकेतस्थळे याच नोंदी चढ्या दराने विकतात, आणि त्या अद्ययावत असतीलच याची हमी नसते.

नाव सापडले म्हणजे काम संपले नाही. खरे काम येथून सुरू होते. पहिला प्रश्न, हाच तो माणूस काय? लहान काउंटीत एकाच घराण्यात आजोबा, वडील आणि मुलगा यांचे नाव एकच असणे नवलाचे नाही. केवळ नावावरून कोणाला दिवाळखोर ठरवणे हा त्याच्यावर अन्याय तर आहेच, शिवाय चांगला व्यवहारही त्यापायी हातचा जातो. मूळ अर्जात पत्ता, गेल्या आठ वर्षांत वापरलेली अन्य नावे आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात. त्यावरून खातरजमा करावी. संपूर्ण क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि अल्पवयीन मुलांची नावे नियमानुसार झाकलेली असतात.

दुसरा प्रश्न, प्रकरणाचे पुढे काय झाले? 'डिस्चार्ज' म्हणजे न्यायालयाने कर्जातून मुक्त केले. 'डिसमिस' म्हणजे प्रकरण खारीज झाले आणि कर्ज कायम राहिले. इंग्रजीत हे दोन शब्द सारखे वाटतात. परिणाम अगदी उलटे आहेत. चॅप्टर ७ मध्ये मालमत्ता विकून धनकोंचे भागवले जाते, चॅप्टर १३ मध्ये पगारदार वा छोटा व्यावसायिक तीन ते पाच वर्षे हप्ते भरतो. ग्रामीण काउंटीत चॅप्टर १२ दिसण्याचा संभव अधिक. शेतीवरील अरिष्टाच्या काळात, १९८६ मध्ये, खास कुटुंबशेती करणाऱ्यांसाठी हे प्रकरण कायद्यात तात्पुरते घालण्यात आले, २००५ मध्ये ते कायम झाले. हंगामाप्रमाणे हप्ते ठरवण्याची सोय असल्याने शेतकऱ्याची जमीन टिकून राहण्याची शक्यता त्यात असते. २०१९ मध्ये त्याची कर्जमर्यादा एक कोटी डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. पुढे ती महागाईनुसार वाढत गेली आहे. अशी नोंद दिसली म्हणून शेतकरी बुडाला, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

प्रकरण अद्याप चालू असेल, तर मात्र खरेदीदाराने थांबावे. अशा मालमत्तेच्या विक्रीला सहसा न्यायालयाची परवानगी लागते. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मालमत्ता मातीमोल भावाने दुसऱ्याच्या नावे केली असेल, तर तो व्यवहार रद्द करून घेण्याचा प्रयत्न विश्वस्त करू शकतो.

मग काउंटीच्या कार्यालयाचा उपयोगच नाही काय? आहे, पण निराळ्या कारणासाठी. कर्जमुक्तीचा आदेश ऋणकोची वैयक्तिक जबाबदारी संपवतो. जमिनीवरील गहाणाचा बोजा सामान्यतः त्याने आपोआप उतरत नाही. हा बोजा दिसतो तो काउंटीच्या दस्तनोंदणीत. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यावरून नजर फिरवल्याशिवाय आपल्याकडे कोणी जाणता माणूस जमीन घेत नाही, तसेच हे. ट्रॅक्टर, पीक वा गुरे तारण असल्यास ती नोंद राज्य सचिवांच्या कार्यालयात पाहावी लागते.

जुन्या प्रकरणांची गोष्ट वेगळी. दिवाळखोरी न्यायालयांत संगणकीय दाखल पद्धत २००१ नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या अनेक प्रकरणांची केवळ घटनासूची पडद्यावर दिसते, मूळ कागद दिसत नाहीत. बंद झालेली कागदी प्रकरणे संघीय अभिलेख केंद्राकडे जातात. ती मागवण्यापूर्वी न्यायालयाच्या लिपिकाकडून प्रकरण क्रमांकासह पेटी व स्थानाचा तपशील घ्यावा लागतो. नेब्रास्कातील ऐतिहासिक प्रकरणे पाहायची असल्यास कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळावे. पतअहवालातून दिवाळखोरीचा उल्लेख जास्तीत जास्त दहा वर्षांनी निघून जातो. म्हणून त्याहून जुन्या काळाची चौकशी करायची असेल, तर पतअहवाल कोरा असणे हा पुरावा धरता येत नाही.